एल-४, एल-५ चं नळीतून केलेलं ऑपरेशन : दीड वर्षानंतर सांगतोय

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये नसांची वाट अरुंद झाली होती, ती छोट्या छेदातून, नळी घालून मोकळी केली. मी वाई-पांचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक पुष्कळ. आठवड्याला दोन-तीन तरी फोन येतात, ‘तुमचं ते दुर्बिणीचं ऑपरेशन कसं झालं? आम्ही करू का?’ फोनवर सगळं सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलेलं ऐकून कुणी मणक्याचा निर्णय घ्यावा हे मला पटत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी : पाय परत मिळाले, कंबर होती तशीच आहे, आणि ऑपरेशनच्या आधी मला नेमकं हेच सांगितलं होतं. मी समाधानी आहे. रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव मुद्दाम देत नाही. माझं वाचून कुणी थेट तिथं जाऊन पलंगावर झोपावं असं मला नको आहे. आधी आपला आजार कोणता ते ठरलं पाहिजे. माझं वर्षाहून जास्त ते ठरण्यातच गेलं.

वाईत आमच्या घरापासून ढोल्या गणपतीचं देऊळ सहा-सातशे पावलांवर आहे. २०२२ च्या दिवाळीत तिथवर एका दमात जात होतो. पुढच्या गणपतीत मध्ये दोनदा बसावं लागलं. डिसेंबर उजाडेपर्यंत चार बैठका ठरून गेल्या होत्या : सायकल दुकानाचा बाक, पिठाच्या गिरणीची पायरी, एका ओळखीच्या घराचा ओटा आणि शेवटी घाटाच्या पायऱ्या. दीडशे-दोनशे पावलं झाली की दोन्ही मांड्यांच्या मागून जडपणा सुरू व्हायचा, पोटऱ्यांत गोळे आल्यासारखं व्हायचं, डाव्या पावलाला मुंग्या यायच्या आणि मग पाय आपले नाहीतच असं वाटायचं. बसलं की दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. उठून चालायला लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

सायकलवर मात्र काहीच व्हायचं नाही. रोज सकाळी मेणवलीपर्यंत सायकलने जायचो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर घटकाभर बसायचो आणि परत यायचो. पाय ठणठणीत. त्यामुळे घरात कुणालाच माझं दुखणं खरं वाटेना. ही एकदा म्हणाली, “अहो, मेणवलीला सायकल मारता, मग मंडईपर्यंत माझ्याबरोबर यायला काय होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माणसाने पसरणीचा घाट उभ्याने चढताना भरल्या गाडीत शंभर-शंभर तिकिटं फाडली, त्याला मंडईपर्यंत जाता येत नाही हे मलाच पटत नव्हतं. त्या दिवसांत मी लोकांत जाणं बंद केलं होतं. लग्नाला गेलो तर आधी खुर्ची शोधायची आणि आहेराच्या रांगेत उभं राहायला मुलाला पाठवायचं.

या काळात काय काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण याच वाटेने जातात. पहिल्यांदा ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून कंबरेचा पट्टा दिला. तो चार महिने बांधला. मग वजनं लावून ताण दिला, शेक घेतला. एका डॉक्टरांना वाटलं की साखरेमुळे नसा खराब झाल्यात. माझी साखर काठावर आहे, त्यामुळे ते खरंही असू शकलं असतं. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. प्रेगाबालिनच्या गोळीने मुंग्या कमी झाल्या, पण चक्कर यायला लागली. एकदा न्हाणीत तोल गेला तेव्हा डॉक्टरांना विचारून ती हळूहळू बंद केली. फिजिओथेरपी मात्र मनापासून केली. तिच्यामुळे कंबर बरीच हलकी झाली, चालण्याचं अंतर काही वाढलं नाही.

मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेतलं. पाच आठवडे स्वर्ग. सहाव्या आठवड्यात पुन्हा गिरणीच्या पायरीवर. पुढे माझ्या सर्जननी सांगितलं की या आजारात हे इंजेक्शन फार काळ पुरत नाही. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना भुलीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड दिलं आणि निम्म्यांना नुसतं भुलीचं औषध, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. दोन मणक्यांमधली गादी सरकून एका पायात कळ मारते, तिथे हेच इंजेक्शन वाईट काळ निभावून न्यायला चांगलं उपयोगी पडतं. म्हणजे इंजेक्शन खोटं नाही, ते कुठे वापरायचं हा प्रश्न आहे.

आता एक वाईट अनुभव. हमरस्त्यावर मोठा फलक पाहिला होता : बिनटाक्याचं, बिनदुखण्याचं, अर्ध्या तासात लेझर, त्याच दिवशी घरी. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो घेऊन गेला. डॉक्टरांच्या आधी टेबलामागच्या एका तरुणाने एमआरआयचा कागद घेतला, त्यातल्या ‘डिस्क बल्ज’ (म्हणजे गादी फुगलेली) या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि पॅकेज सांगितलं : १,४०,००० रुपये, आजच आगाऊ भरले तर २०,००० सूट. नंतर डॉक्टर भेटले ते पाच मिनिटं. मी चालून दाखवू का विचारलं तर म्हणाले, गरज नाही, रिपोर्टमध्ये सगळं आलंय. माझ्या पायाला कुणी हात लावला नाही. मुलगा पैसे भरायला निघाला होता. ही म्हणाली, “पाय न बघता पायाचं औषध कसं करतात?” आणि आम्ही उठलो. तिच्या त्या एका वाक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. लेझर गादीच्या आतला थोडासा गर जाळून तिचा दाब कमी करतं. माझी वाट अडवली होती ती वाढलेल्या हाडाने आणि जाड झालेल्या बंधाने. तिथे त्या लेझरने काहीच झालं नसतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळायला हवं होतं. त्याचा राग मला अजून आहे.

तिथून दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जननी नीट तपासलं, आजारही बरोबर ओळखला, पण सांगितलं की चार स्क्रू आणि दोन सळया घालून मणके जोडून टाकू. खर्च ३,८०,००० पर्यंत. घरी येऊन दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षकांच्या सांगण्यावरून गेलो. त्यांचं तिथेच झालं होतं. वाईहून सकाळच्या गाडीने निघालो; माझं ज्येष्ठांचं अर्धं तिकीट, हिचं महिलांचं अर्धं. स्वारगेटला उतरून रिक्षा. दोन तास ओपीडीच्या बाकावर बसलो, याची तक्रार नाही, कारण आत गेल्यावर तिथल्या सर्जननी आम्हाला अर्धा तास दिला.

त्यांनी एमआरआयचं पाकीट उघडलंच नाही. ते बाजूला ठेवून म्हणाले, “काका, बाहेरच्या पॅसेजमध्ये चाला. दुखायला लागलं की परत या.” मी चाललो. तिसऱ्या फेरीला पाय भरून आले, तसाच आत आलो. मग त्यांनी विचारलं, “नुसतं उभं राहिलं तर थांबतं, की बसावंच लागतं?” मी म्हणालो, उभं राहून उलट वाढतं, बसलो किंवा पुढे वाकलो की थांबतं. “सायकल?” म्हटलं, सायकल कितीही चालते. ते हसले नाहीत की आश्चर्यही दाखवलं नाही, हिच्याकडे वळून म्हणाले, “काकू, यांचं खरं आहे. या आजारात असंच होतं.” इतक्या काळात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या सायकलीचा अर्थ लावला. माझे डोळे भरून आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग त्यांनी दोन्ही पावलांवरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपली. कारणही सांगितलं : पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्यांत असेच गोळे येतात, पण ते नुसतं जागेवर उभं राहिलं तरी थांबतात, वाकायची, बसायची गरज लागत नाही. माझ्या नाड्या चांगल्या लागल्या. पायाचा अंगठा वर उचलायला लावून ताकद पाहिली, हातोडीने गुडघे-घोटे ठोकले, टाचणीने पाऊल तपासलं. हे सगळं झाल्यावर एमआरआय दिव्यावर लावला.

त्यांनी केस पेपरच्या मागे काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका मणक्यांच्या बोगद्यातून खाली जातो. मला खंबाटकीचा बोगदा आठवला. बोगद्याच्या पुढच्या भिंतीशी गाद्या, मागच्या बाजूला मणक्यांच्या कमानी, आणि कमानींना आतून जोडणारा पिवळा बंध. वयाप्रमाणे गादी बसते आणि थोडी मागे फुगते, मागचे सांधे जाडजूड होतात, पिवळा बंध जाड होऊन आत येतो. बोगदा तिन्ही बाजूंनी आवळतो. समोरून मागे मोजला तर तो १० मिलिमीटरच्या खाली गेला की फारच अरुंद समजतात. माझा एल-४, एल-५ पाशी ७ भरला. ताठ उभं राहिलं की पिवळा बंध दुमडून आणखी आत घुसतो, पुढे वाकलं की ताणला जाऊन वाट थोडी मोकळी होते. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो. पिठाच्या गिरणीच्या पायरीवरही मी वाकूनच बसायचो.

स्क्रूचं विचारलं. त्यांनी पुढे वाकून आणि मागे झुकून असे उभ्याने दोन एक्स-रे काढायला सांगितले. मणका मणक्यावर सरकत नव्हता. मग म्हणाले, “सरकत असता तर मीही वेगळा विचार केला असता. तुम्हाला फक्त वाट मोकळी करून हवी आहे.” स्वीडनमधला २४७ रुग्णांचा एक अभ्यास त्यांनी सांगितला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. नसांची वाट मोकळी केलेल्यांपैकी काहींचे मणके शिवाय जोडलेही, काहींचे नाही. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते, आणि जोडलेल्यांना रुग्णालयात जास्त दिवस काढावे लागले होते. मुलाने घरी येऊन तो शोधला, वाचला, तेव्हा त्याची खात्री पटली. आधीच्या सर्जनना मी दोष देत नाही. पण ते वाकवून काढलेले एक्स-रे त्यांनी मागितले असते तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी या उपचाराला पूर्ण गुण देतो. “काका, मी तुमचे पाय चालवून देण्याचा प्रयत्न करीन. दहा पावलांनी दुखणारे, शंभर पावलांनी दुखणारे, सगळ्यांना यात बहुधा चांगला फरक पडतो. कंबर मात्र मी बरी करू शकत नाही. ती सांध्यांची झीज आहे, ती राहणार. अंगठ्याचा बधिरपणा जाईल की नाही ते नस ठरवील. आणि हे ऑपरेशन तातडीचं नाही. नाही केलं तर तुम्हाला लकवा होणार असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किती चालायचंय ते तुम्ही ठरवा.” धोकेही एकेक करून सांगितले : नसांवरचं आवरण फाटून पाणी गळू शकतं, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नसेला इजा, आणि काही वर्षांनी त्याच किंवा वरच्या जागी पुन्हा वाट अरुंद होणं. कागदावर सही घ्यायच्या दिवशी नव्हे, पहिल्याच भेटीत.

आम्ही तीन आठवडे विचार केला. मग मीच होकार दिला.

लोक त्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात, मीही म्हणत होतो. माझं दुर्बिणीतून झालं नाही. दुर्बिणीच्या पद्धतीत सात-आठ मिलिमीटरच्या छेदातून कॅमेरा आत जातो, सतत सलाईनचं पाणी सोडत काम करतात, आणि गादीचं असेल तर बऱ्याचदा रुग्णाला जागं ठेवूनही करतात. माझ्या वेळी पूर्ण भूल होती. पालथं झोपवून क्ष-किरणांच्या यंत्रावर नेमका मणका पक्का केला. मधल्या रेषेच्या किंचित डावीकडे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा छेद. त्यातून आधी पेन्सिलीएवढी, मग तिच्यावर चढणारी जरा मोठी, अशा एकात एक नळ्या सरकवत नेल्या. स्नायू कापायचा किंवा हाडावरून सोलून काढायचा नाही, त्याचे धागे फक्त बाजूला सारायचे. शेवटची नळी साधारण १८ मिलिमीटरची. तिच्या तोंडाशी सूक्ष्मदर्शक लावून, बारीक ड्रिलने कमानीचा काही भाग घासला, पिवळा बंध काढला आणि मग नळी तिरकी करून त्याच छेदातून उजव्या बाजूच्या नसाही मोकळ्या केल्या. पावणेदोन तास लागले. जुन्या पद्धतीत याच कामाला बराच मोठा छेद आणि दोन्ही बाजूंचे स्नायू सोलणं लागायचं. आतलं काम दोन्हीकडे तेच. फरक तिथवर जायच्या वाटेचा आहे. हे मी आवर्जून लिहितो, कारण छेद किती लहान यावर लोक डॉक्टर निवडायला लागलेत. सर्जन स्वतः म्हणाले, “छेद माझ्यासाठी दुसरा मुद्दा. नसा पूर्ण सुटल्या पाहिजेत, हा पहिला.”

सकाळी साडेआठला आत नेलं, दुपारी दीडला वॉर्डात. संध्याकाळी सहाला फिजिओच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, चला. मला वाटलं, पायात गोळे येणार. त्यांनी आधी पलंगावरून उठायला शिकवलं : गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकाच वेळी फिरवून कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन बसायचं. कंबर पिळायची नाही. आजही मी तसाच उठतो. मग वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. जखमेची जागा ठणकत होती, पण पोटऱ्या गप्प होत्या. मी पुन्हा जायचं म्हणालो, तर सिस्टर म्हणाल्या, “मामा, उद्यासाठी ठेवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली. ती काढल्यावर आपोआप लघवी होईपर्यंत सिस्टर तीन वेळा विचारायला आल्या. मणक्याच्या ऑपरेशननंतर ते पाहणं का महत्त्वाचं असतं हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी पॅसेजच्या बारा फेऱ्या. मोजल्या. पाचशेहून जास्त पावलं, न बसता.

रुग्णालयाची बाजू एवढी भक्कम, आणि तरी शेवटचा दिवस वाईट गेला. सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला, विमा कंपनीची मंजुरी यायला संध्याकाळचे पाच वाजले. ताजं ऑपरेशन झालेला माणूस, अर्ध्या तासावर बसायचं नाही असं त्यांनीच सांगितलेलं, आणि पलंग दुसऱ्याला द्यायचा म्हणून मला बाकावर बसवलं. हिने भांडून एक स्ट्रेचर मिळवलं. हे चुकीचं होतं आणि मी लेखी तक्रार दिली.

बिल २,१२,००० झालं. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं आहोत. त्यातले १,४६,००० मिळाले. बाकीचे का नाही मिळाले ते ध्यानात घ्या. एक, पॉलिसीत आई-वडिलांसाठी २० टक्के आपण भरायचे होते. दोन, हातमोजे, गाऊन, ड्रेसिंगचं सामान असल्या वस्तू विम्यात बसल्या नाहीत. तीन, आणि हे उगाच महागात पडलं : खोलीच्या भाड्याला मर्यादा होती आणि आम्ही तिच्यापेक्षा वरची खोली घेतली. वाटलं, भाड्यातला फरक तेवढा भरू. पण खोली वरची घेतली की त्या प्रमाणात डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे पैसेही कापले जातात. भरती व्हायच्या आधी विम्याच्या खिडकीवर हा एक प्रश्न विचारा. स्वतःची पॉलिसी असेल तर मणक्याच्या आजारांना प्रतीक्षाकाळ आहे का तेही पाहा. बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा असतो. विमाच नसेल तर खिसा रिकामा करण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. एसटीतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन किती मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या कुणी जमीन विकून ऑपरेशन करू नये म्हणून हे लिहितो.

घरी आल्यावर सहा आठवडे नियम पाळले. वाकायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. देवपूजा खुर्चीवरून केली. चालणं मात्र रोज वाढवायचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डाव्या पोटरीत पुन्हा तीच कळ आली आणि चार दिवस राहिली. मी हादरलो. वाटलं, सगळं वाया गेलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लघवी, ताप, जखमेचं पाणी, अंगठ्याची ताकद, एवढं विचारून सांगितलं की दाबातून सुटलेली नस मध्येच अशी चिडते. पाचव्या दिवशी गेली, परत आली नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो.

दोन महिन्यांनी ढोल्या गणपतीपर्यंत एका दमात. चार महिन्यांनी सायकल. आणि यंदाच्या वारीत माउलींची पालखी लोणंदहून निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर चांदोबाचा लिंबपर्यंत पायी गेलो, उभं रिंगण पाहिलं. पूर्ण वारी केली नाही, करणारही नाही. पण २०२३ च्या आषाढात मी ती पालखी रस्त्याकडेला खुर्ची टाकून पाहिली होती.

काय राहिलंय तेही सांगतो. सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते. फार वेळ उभं राहिलं की ठणकते. डाव्या अंगठ्याची बधिरता तशीच आहे. चप्पल सरकली तर पटकन कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली घालतो. व्यायाम सोडला की आठ दिवसांत कंबर आठवण करून देते. कंबरदुखी जावी म्हणून कुणी हे ऑपरेशन करून घेणार असेल तर त्याची निराशा होईल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तरुणांसाठी वेगळं सांगायला हवं. माझा भाचा, वय ३४, गादी सरकून उजव्या पायात वीज चमकल्यासारखी कळ. एमआरआय पाहून सगळं घर घाबरलं. माझ्याच डॉक्टरांनी त्याला सहा ते आठ आठवडे थांबायला सांगितलं. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं. नवव्या आठवड्यात तो कामावर गेला, बिनऑपरेशनचा. आणि एमआरआयमधल्या ‘बल्ज’ला तर मुळीच घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एक मोठा आढावा २०१५ साली आला होता. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा आणि जांघा बधिर झाल्या, किंवा पाऊल उचलताना लोंबायला लागलं, तर सहा आठवडे नाही, सहा तासही थांबू नका. रात्र असली तरी त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.

गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर बारा वर्षं ड्युटी केलेला ड्रायव्हर घरी आला. म्हणाला, मलाही तुझ्यासारखंच, शे-दोनशे पावलांत पोटऱ्या भरतात, तुझ्या डॉक्टरचा नंबर दे. मी त्याला तोच प्रश्न विचारला : उभं राहिलं की थांबतं, की बसावं लागतं? म्हणाला, “बसायचं कशाला? नुसतं थांबलो की मिनिटात जातं.” तीस वर्षं विडी आहे त्याची. मी त्याच्या पावलावर बोटं ठेवून पाहिली, मला काही नाडी लागली नाही. मी डॉक्टर नाही, पण नंबर दिला नाही. साताऱ्याला पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी ठरवली आहे, मंगळवारी. मी बरोबर जाणार आहे.